फार्सीतील संभाव्यार्थ

फार्सीतील संभाव्यार्थ : एखादी क्रिया घडली, घडते किंवा घडणार असे निश्चयाने न सांगता ती घडण्याचा संभव आहे, ती घडावी अशी इच्छा आहे, घडेल अशी भीती आहे अथवा ती घडल्यास पुढे काही व्हावयाचे आहे, एवढेच जेव्हा सांगावयाचे असते, तेव्हा फार्सी भाषेत क्रियापदाचे जे रूप योजतात, त्यास येथे संभाव्यार्थ म्हटले आहे. आधुनिक इराणी व्याकरणकार त्याला ‘वज्ह-इ इल्तिजामी’ असे म्हणतात. वस्तुस्थिती सांगणारा तो इख्बारी, आज्ञा करणारा तो अम्री व या दोहोंहून निराळा असा हा तिसरा अर्थ होय. मराठी व्याकरणात परंपरेने स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे चार अर्थ मानतात. त्यांपैकी विध्यर्थ फार्सीच्या या रूपाला सर्वांत जवळचा आहे; तथापि दोहोंच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत. फार्सीत जे काम एका रूपाकडे आहे, ते मराठीत ‘येईल’, ‘यावा’, ‘आला असेल’, ‘आला असावा’, ‘आला तर’, ‘येऊ शकेल’ अशा अनेक रूपांत वाटले गेले आहे. प्रस्तुत नोंदीत या अर्थाच्या अनेक उपयोगांपैकी शक्यता व्यक्त करण्याचा उपयोग मुख्यतः विचारात घेतला आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने हा विषय केवळ परभाषेच्या व्याकरणाचा नाही. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाल्यापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत दख्खनच्या राज्यकारभारात फार्सीला मोठे स्थान होते. हैदराबाद संस्थानात तर १८८० नंतरच्या दशकात उर्दूने तिची जागा घेईपर्यंत ती दरबारची व कचेरीची भाषा होती. या काळातील फर्माने, सनदा, महजर व बातमीपत्रे वाचताना अमुक गोष्ट ‘होती’ असे लिहिले आहे, की ती ‘असल्यास’ असे लिहिले आहे, याचा निर्णय पुष्कळदा एका क्रियापदाच्या रूपावर अवलंबून असतो.

या नोंदीतील फार्सी शब्द भारतीय परंपरेतील उच्चारानुसार दिले आहेत. आजच्या इराणी उच्चारात ‘बि-’ या उपसर्गाचा ‘बे-’, ‘कुनद’चा ‘कोनद’ व ‘रफ्ता’चा ‘रफ्ते’ होतो. अंत्य व्यंजन मराठीप्रमाणेच स्वररहित उच्चारावे. ‘मी-’ हा वर्तमानवाचक उपसर्ग असून मराठी ‘मी’ या सर्वनामाशी त्याचा संबंध नाही.

पूर्वपीठिका : वैदिक संस्कृतात लेट् नावाचा एक लकार होता. पाणिनीने तो केवळ वेदभाषेपुरता सांगितला आहे. लौकिक संस्कृतात तो लुप्त झाला व त्याचे कार्य विधिलिङ् आणि लोट् यांच्याकडे गेले. ‘भू’ धातूचे लेट् लकारातील रूप ‘भवाति’ असे होते. वर्तमानकाळी ‘भवति’पासून ते केवळ एका दीर्घ स्वराने वेगळे पडते. प्राचीन इराणी भाषांत नेमकी हीच रचना आढळते. दारयवहू (पहिला) याच्या नक्श-इ रुस्तम येथील लेखात ‘बवातिय्’ हे रूप आले आहे. ते वैदिक ‘भवाति’चे सख्खे भावंड आहे. त्याच राजाच्या बेहिस्तून येथील लेखात (इ. स. पू. सु. ५२०) यापुढे जो कोणी राजा होईल त्याला उद्देशून उपदेश केलेला असून तेथील ‘असणे’ या अर्थाचे क्रियापदही संभाव्यार्थी आहे. जो अद्याप झालेला नाही, परंतु होण्याचा संभव आहे, अशा माणसाशी बोलताना हेच रूप योग्य ठरते. पुढे दोन सहस्र वर्षांनंतर दख्खनच्या सनदांनी भावी अधिकाऱ्यांना संबोधिले, तेव्हा काय घडले ते खाली येईलच.

मध्य फार्सीत (पहलवीत) दीर्घ स्वराचा हा प्रत्यय टिकून राहिला व ‘बवातिय्’चे ‘बवाद’ झाले. अर्वाचीन फार्सीत त्याचे संक्षिप्त रूप ‘बाद’ (होवो, असो) असे झाले. मात्र हा प्रत्यय हळूहळू आशीर्वाद व शाप यांच्यापुरताच उरला. अभिजात काव्यात ‘कुनाद’ (करो), ‘दिहाद’ (देवो) अशी रूपे येतात. बोलीतून ती गेली. शक्यता दाखविण्याचे दैनंदिन काम त्यामुळे एका निराळ्याच रूपाकडे, म्हणजे जुन्या साध्या वर्तमानकाळाकडे आले. मराठीतही काहीसे असेच घडले आहे. संस्कृतातील वर्तमानकाळी ‘करोति’ची परंपरा सांगणारे ‘करी’ हे रूप आज रीतिभूतकाळ दाखविते आणि नव्या वर्तमानकाळासाठी ‘करतो’ हे कृदन्तापासून बनलेले रूप आले. वर्तमानकाळासाठी नवे रूप रूढ झाले की जुने रूप बाजूला सारले जाते व त्याला दुसरे काम मिळते. हिंदी-उर्दूतील ‘आए’, ‘करे’ ही संभाव्यार्थी रूपेदेखील अशीच, मूळची वर्तमानकाळी होत. परभणी-नांदेडकडील दखनीत ‘शायद आए’ असे म्हणणारा मनुष्य फार्सी क्रियाविशेषण आणि भारतीय क्रियापद यांची सांगड घालीत असतो. परंतु त्या दोहोंमागील इतिहासाची घडण एकच आहे.

रूपसिद्धी : आधुनिक फार्सीत वर्तमान धातुरूपाला आधी ‘बि-’ हा उपसर्ग व शेवटी पुरुषवाचक प्रत्यय लावून संभाव्यार्थ सिद्ध होतो. ‘रफ्तन’ (जाणे) याचे वर्तमान धातुरूप ‘रव’. त्यापासून बि-रवम, बि-रवी, बि-रवद, बि-रवीम, बि-रवीद, बि-रवंद ही सहा रूपे होतात. प्रत्यय स्वार्थातलेच आहेत. ‘मी-रवद’ (तो जातो) आणि ‘बि-रवद’ (तो जावा, जाईल) यांत फरक आहे तो केवळ उपसर्गाचा. धातू स्वरादी असल्यास मध्ये ‘य’ येतो, उदा., ‘आमदन’ (येणे) याचे ‘बियायद’. नकारार्थी रूपात ‘बि-’ जाऊन त्याच्या जागी ‘न-’ बसतो (नरवद, नयायद). संयुक्त क्रियापदांत ‘बि-’ अनेकदा गाळतात.

दोन क्रियापदे या नियमास अपवाद आहेत आणि ती अत्यंत वापरातली असल्याने त्यांची दखल घेणे आवश्यक आहे. ‘बूदन’ (असणे) याचा संभाव्यार्थ ‘बाश’ या धातुरूपापासून बाशम, बाशी, बाशद असा उपसर्गाशिवाय होतो. ‘दाश्तन’ (जवळ असणे) याला आधुनिक भाषेत साधे संभाव्यार्थी रूप जवळजवळ नाहीच. त्याऐवजी ‘दाश्ता बाशद’ असे म्हणतात.

भूतकालीन संभाव्यार्थ भूतकृदन्ताला ‘बाशद’ जोडून होतो : ‘रफ्ता बाशद’ (गेला असेल, गेला असावा). भारतातील जुन्या फार्सी पाठ्यपुस्तकांत या रूपाला ‘माजी-इ इह्तिमाली’ किंवा ‘माजी-इ शक्किया’ असे म्हणत. इह्तिमाल म्हणजे संभव व शक्क म्हणजे संशय. आधुनिक ‘इल्तिजामी’ या नावापेक्षा ही जुनी नावे रूपाच्या अर्थाला अधिक जवळची आहेत, असे म्हणावयास हरकत नाही. उलट ‘बि-’ व ‘मी-’ यांच्याविरहित ‘रवद’ या रूपाला ती पुस्तके ‘मुजारे’ एवढेच म्हणतात आणि ‘मी-रवद’ला ‘हाल’ म्हणतात. या विभागणीचे महत्त्व जुनी कागदपत्रे वाचताना कळते.

‘दाश्ता बाशद’ हे दिसावयास भूतकालीन असले, तरी अर्थाने वर्तमानकालीन आहे. ‘शायद पूल दाश्ता बाशद’ याचा अर्थ ‘त्याच्याजवळ कदाचित पैसे असतील’ असा होतो. ‘शायद रफ्ता बाशद’च्या धर्तीवर येथे ‘पैसे असले असतील’ असा भूतकाळ कल्पिणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय.

शक्यता दर्शविण्याच्या रीती : शक्यता दाखविणारा सर्वांत परिचित शब्द ‘शायद’ हा आहे. आज तो क्रियाविशेषण (कदाचित) म्हणून ओळखला जातो. परंतु मुळात ते ‘शायिस्तन’ (योग्य असणे, शक्य असणे) या क्रियापदाचे तृतीयपुरुषी एकवचन आहे. मध्य फार्सीत त्याचे ‘शायेद’ हे रूप ‘शक्य आहे’ या अर्थाने धातुसाधित नामाबरोबर येई. ज्या प्राचीन इराणी धातूपासून ते आले, त्याचा अर्थ सत्ता चालविणे, समर्थ असणे असा होता. ‘शाह’ हा शब्दही त्याच धातूचा वंशज आहे. संस्कृतातील स्वामित्ववाचक ‘क्षयति’ हे त्याचे सगोत्र होय. सामर्थ्य, मग योग्यता, मग शक्यता आणि अखेर नुसता संभव, असा हा अर्थाचा प्रवास आहे.

हा प्रवास लक्षात न घेतल्यास अभिजात ग्रंथ वाचताना फसगत होते. सादीच्या गुलिस्तान (१२५८) या ग्रंथाच्या काळी ‘शायद’मध्ये ‘उचित आहे’ हा अर्थ पूर्णपणे जिवंत होता. विशेषतः ‘नशायद’ याचा अर्थ ‘कदाचित नाही’ असा नसून ‘उचित नव्हे, चालणार नाही’ असा आहे. निषेधाचे वाक्य संशयाचे म्हणून वाचले गेले, तर उपदेशाचा सारा रोखच नाहीसा होतो.

आधुनिक भाषेत ‘शायद’नंतर सामान्यतः संभाव्यार्थ येतो : ‘शायद बियायद’ (कदाचित येईल), ‘शायद नयायद’ (कदाचित येणार नाही), ‘शायद रफ्ता बाशद’ (कदाचित गेला असेल). परंतु हा नियम काटेकोर नाही. ‘शायद फर्दा मी-आयद’ असे स्वार्थी रूपही बोलण्यात येते. तेव्हा ‘उद्या येतोय बहुधा’ असा, वक्त्याच्या विश्वासाचे पारडे किंचित जड असलेला अर्थ निघतो. ‘इह्तिमालन’ (बहुधा) या शब्दानंतर स्वार्थच अधिक रूढ आहे, तर त्याच मूळ शब्दापासून केलेल्या ‘इह्तिमाल दारद’ (संभव आहे) या वाक्यांशानंतर संभाव्यार्थ येतो. म्हणजे एकाच कल्पनेची दोन रूपे क्रियापदाची दोन वेगळी रूपे मागतात. क्रियाविशेषण वाक्याच्या वर तरंगत राहते व क्रियापदाला स्पर्श करीत नाही; ‘संभव आहे’ हे प्रधानवाक्य मात्र गौणवाक्याला आपल्या अधीन करते. ‘मुमकिन अस्त’ (शक्य आहे) याचेही असेच : ‘मुमकिन अस्त बियायद’. येथे नकाराची जागा बदलली की अर्थ बदलतो. ‘मुमकिन नीस्त बियायद’ म्हणजे तो येणे शक्य नाही. ‘मुमकिन अस्त नयायद’ म्हणजे तो न येणे शक्य आहे. मराठीतही हा भेद करता येतो, परंतु त्यासाठी नामरूपाचा आधार घ्यावा लागतो. फार्सीत क्रियापदाचा उपसर्ग तेवढा बदलला की काम होते.

सामर्थ्यवाचक ‘तवानिस्तन’ (शकणे) या क्रियापदाबरोबर आधुनिक फार्सीत मुख्य क्रियापद संभाव्यार्थात येते : ‘मी-तवानद बि-रवद’ (तो जाऊ शकतो). शक्ती, परवानगी व संभव या तिन्ही छटा मराठी ‘शकतो’प्रमाणेच येथेही एकत्र नांदतात व प्रसंगावरून ओळखाव्या लागतात. कर्ता अनुक्त असेल तेव्हा ‘मी-तवान रफ्त’ अशी रचना होते. तिचा मराठी प्रतिशब्द ‘जाता येते’ हा होय; ‘कोणी जाऊ शकतो’ असे भाषांतर करणे म्हणजे मराठीत हाताशी असलेली नेटकी रचना सोडून देणे आहे.

‘बायद’ (हवे, पाहिजे) हे कर्तव्यवाचक क्रियापद आहे; परंतु भूतकालीन संभाव्यार्थाबरोबर ते तर्क दर्शविते. ‘बायद बि-रवद’ म्हणजे त्याने जावयास हवे. ‘बायद रफ्ता बाशद’ म्हणजे तो गेला असावा, गेलेला असलाच पाहिजे. दाराला कुलूप आहे, चपला नाहीत, अशा खुणांवरून केलेले हे अनुमान आहे. केवळ अंदाज असेल तर ‘शायद रफ्ता बाशद’ म्हणतील. मराठीत हाच भेद ‘गेला असावा’ व ‘गेला असेल’ यांत आहे आणि तो पुष्कळ मराठी लेखक अलीकडे पाळीत नाहीत, हे खेदाने नमूद करावे लागते. कर्तव्य सांगणारे ‘-आवा’ हे रूपच तर्कही सांगते, या बाबतीत मराठी व फार्सी यांचे साम्य लक्षणीय आहे.

भीती ही नको असलेली शक्यता असते. ‘मी-तर्सम बियायद’ (तो येईल अशी मला भीती वाटते) येथे संभाव्यार्थ आवश्यक आहे. याच वर्गातील ‘मबादा’ हा शब्द ‘बाद’ला निषेधार्थी ‘म-’ लागून बनला आहे. मूळ अर्थ ‘न होवो’. उपयोगात ‘चुकून, न जाणो’ असा. ‘मबादा बियुफ्तद’ म्हणजे पडेल हो, पडावयास नको. मराठीतील ‘न जाणो’ हेही मूळचे स्वतंत्र क्रियापद असून आता शक्यता सुचविणारे अव्यय झाले आहे.

अट आणि अनिश्चित व्यक्ती : ‘अगर’ने सुरू होणाऱ्या वाक्यात शक्य कोटीतील अट संभाव्यार्थाने सांगतात : ‘अगर बियायद’ (तो आला तर). मात्र येथेच साधा भूतकाळही चालतो. ‘अगर आमद, बि-गू’ म्हणजे ‘तो आला तर सांग’. अजून न घडलेल्या गोष्टीसाठी भूतकाळाचे रूप वापरण्याची ही लकब मराठी वाचकाला नवी नाही, कारण ‘आला तर’मध्ये आपणही तेच करतो. अशक्य ठरलेली अट मात्र संभाव्यार्थाच्या कक्षेबाहेर जाते. ‘अगर मी-आमद, मी-दीदम’ (तो आला असता, तर मी पाहिले असते) येथे ‘मी-’युक्त भूतकाळ येतो. म्हणजे फार्सीत ‘बि-रवद’ हे रूप शक्यतेचे दार उघडे आहे तोवरच चालते. दार बंद झाल्यावर भूतकाळाकडे वळावे लागते.

संबंधी वाक्यांतही हे रूप महत्त्वाचे ठरते. ‘कसी कि फार्सी मी-दानद’ म्हणजे फार्सी जाणणारा एक विशिष्ट, माहीत असलेला मनुष्य. ‘कसी कि फार्सी बि-दानद’ म्हणजे फार्सी जाणणारा कोणी असेल तर तो. पहिल्यात मनुष्याचे अस्तित्व गृहीत धरले आहे, दुसऱ्यात तसे नाही.

अभिजात फार्सी व दख्खनमधील दप्तरे : वर दिलेली ‘मी-’ व ‘बि-’ यांची स्वच्छ विभागणी आधुनिक आहे. जुन्या भाषेत ‘बि-’ हा संभाव्यार्थाचा चिन्हक नव्हता. तो भूतकाळालाही लागे (‘बि-रफ्त’) आणि क्रियेची पूर्णता किंवा भर दाखवी. ‘मी-’ सातत्य दाखवी, परंतु वर्तमानकाळाला तो आवश्यक नव्हता. त्यामुळे नुसते ‘रवद’ हे मुजारे रूप ‘जातो’, ‘जाईल’, ‘जावा’ आणि ‘गेल्यास’ या सर्व अर्थांना पुरे. भारतात लिहिली गेलेली बहुतेक दप्तरी फार्सी याच जुन्या पद्धतीची आहे. आधुनिक इराणी व्याकरण शिकून आलेला वाचक तिच्यात ‘बि-’ शोधू लागला, तर निम्म्या ठिकाणी त्याची निराशा होते आणि उरलेल्या काही ठिकाणी तो चुकतो.

आजच्या परभणी जिल्ह्याचा बराच भाग मोगल काळी वऱ्हाड सुभ्याच्या पाथरी सरकारात मोडत होता व पुढे तो निजामाच्या अमलाखाली राहिला. अशा प्रदेशातील एखाद्या गावाचा, उदाहरणार्थ परभणीजवळील पिंगळीचा, जुना इनामी कागद एखाद्याच्या हाती आला व त्यात पुढील आशयाचे वाक्य असले, असे समजू. (वाक्य नमुन्यादाखल रचले आहे.) ‘अगर दर मौजा-इ पिंगळी जमीन-इ उफ्तादा बाशद, ब-ऊ दिहंद.’ अर्थ असा : ‘पिंगळी गावी पडीक जमीन असल्यास ती त्यास द्यावी.’ येथे दोन क्रियापदे आहेत. ‘बाशद’ गृहीतक सांगते. ‘दिहंद’ हे मुजारे असून आज्ञा सांगते. पण शब्दकोश हाती घेऊन शब्दशः वाचणारा ‘दिहंद’चा अर्थ ‘देतात’ असा करू शकतो आणि ‘बाशद’चा ‘आहे’ असा. मग वाक्य होते, ‘पिंगळी गावी पडीक जमीन आहे, ती त्यास देतात’. चौकशी करून देण्याचा सशर्त हुकूम अशा रीतीने वहिवाटीचा पुरावा बनतो. वारसांचा दावा, गावाचा इतिहास, जमिनीच्या लागवडीविषयीचे अनुमान, या सर्वांचा पाया त्यामुळे डळमळतो. वस्तुस्थिती सांगावयाची असती, तर ‘बाशद’च्या जागी बहुधा ‘अस्त’ आले असते. कागदाची कड कसरीने खाल्ली व ‘अगर’ नाहीसा झाला, तरी ‘बाशद’ हे रूप वाचकाला सावध करण्यास पुरेसे आहे. अर्थात अभिजात फार्सीत ‘बाशद’चा उपयोग ‘सामान्यतः असते’ या अर्थानेही होत असल्याने ते एकटेच निर्णायक मानता येत नाही. संदर्भ पाहावाच लागतो.

लिपीमुळे हा प्रश्न अधिक बिकट होतो. ‘बि-दिहंद’ (द्यावे) व ‘न-दिहंद’ (देऊ नये) ही रूपे फार्सी लिपीत अगदी एकसारखी दिसतात. पहिल्या अक्षराचा दाता तोच. नुक्ता खाली असेल तर ‘ब’, वर असेल तर ‘न’. दप्तरांत रूढ असलेल्या शिकस्ता वळणात नुक्ते सर्रास गाळले जात. द्यावे की देऊ नये, हा प्रश्न अशा वेळी अक्षरावरून सुटत नाही. अर्जाचे कारण, हुकमाचा ओघ व शेवटची ताकीद यांवरून तो सोडवावा लागतो. आदिलशाही फर्मानांत फार्सी मजकुराबरोबर मोडी मराठी मजकूरही कधी कधी आढळतो. असा मराठी मजकूर उपलब्ध असेल, तर तो आधी वाचावा, हे बरे.

मराठी कारकुनांनी फार्सीचा हा अर्थ बरोबर जाणला होता, याचा पुरावा त्यांच्याच लेखनात आहे. आदिलशाही धाटणीच्या मराठी पत्रांच्या मायन्यात ‘कारकुनानि हाल व इस्तकबाल’, म्हणजे सध्याचे व पुढे होणारे अधिकारी, यांना संबोधून ‘बिदानंद’ हा शब्द येतो. शिवकालीन पत्रांतही तो आढळतो. ‘बि-दानंद’ हे ‘दानिस्तन’ (जाणणे) याचे संभाव्यार्थी तृतीयपुरुषी अनेकवचन असून त्याचा अर्थ ‘त्यांनी जाणावे’ असा होतो. जे अधिकारी अद्याप नेमलेलेही नाहीत, त्यांनाही हे संबोधन लागू आहे. बेहिस्तूनच्या लेखातील भावी राजाच्या संबोधनाची आठवण येथे साहजिकच होते. पत्राच्या अखेरीस याच अर्थाचे शुद्ध मराठी ‘जाणिजे’ येते आणि मधल्या मजकुरात ‘दीजे’, ‘कीजे’ अशी रूपे येतात. जुन्या मराठीतील ‘-इजे’ हा प्रत्यय प्राकृतातील कर्मणी रूपापासून आलेला असून कर्तव्य व शक्यता या दोहोंकडे झुकतो. ‘पाहिजे’ व ‘म्हणजे’ (म्हणिजे) या शब्दांत तो आजही आहे. फार्सी मुजारेच्या जोडीला कारकुनांनी हेच रूप बसविले, ही निवड अचूक होती.

याच्या अगदी उलट टोकाला ‘सूद’ हा शब्द आहे. ‘मोर्तब सूद’मधील ‘सूद’ म्हणजे फार्सी ‘शुद’ (झाले), हा निखळ भूतकाळ होय. पत्र ‘बिदानंद’ने, म्हणजे काय व्हावे या रूपाने सुरू होते आणि ‘सूद’ने, म्हणजे काय झाले या रूपाने संपते. हुकूम करणाऱ्याचा अधिकार व दप्तराची नोंद यांतील भेद क्रियापदांच्या या दोन रूपांत उमटलेला आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रचलेल्या राज्यव्यवहारकोशाने (सु. १६७७) फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, परंतु त्याचा भर नामांवर होता. ‘मोर्तब सूद’ पेशवाईतही चालू राहिले. मूळ भाषेत ते क्रियापद आहे याचे भान लिहिणाऱ्यांना फारसे उरले नव्हते, असे दिसते.

मराठीतील इतर अवशेष : माधव त्रिंबक पटवर्धन (माधव जूलियन) यांच्या फार्शी-मराठी कोशात (१९२५) मराठीने घेतलेल्या फार्सी शब्दांचा मोठा संग्रह आहे. त्यात नामे व विशेषणे यांच्या मानाने क्रियापदांची रूपे थोडी असणे स्वाभाविक आहे, कारण भाषा परक्या भाषेतून क्रियापदे सहसा उचलीत नाहीत. जी आली ती गोठलेल्या शब्दांच्या रूपाने. ‘शाबास’ म्हणजे ‘शाद बाश’ (आनंदी राहा). त्यातील ‘बाश’ हे ‘बाशद’मधील धातुरूपच आहे. ‘जिंदाबाद’ (जिवंत राहो), ‘मुर्दाबाद’ व ‘मुबारकबाद’ यांतील ‘बाद’ हे वर वर्णिलेले प्राचीन रूप. औरंगाबाद, हैदराबाद या नावांतील ‘आबाद’ (वसलेले) याच्याशी त्याचा संबंध नाही. तसेच ‘रक्कम बाद केली’ यातील ‘बाद’शीही नाही. मोर्च्यातून जिंदाबादचा घोष करणारा मनुष्य वैदिक ‘भवाति’चा इराणी भाऊबंद उच्चारीत असतो, हे त्याच्या ध्यानी नसले, तरी खरे आहे. ‘खुदा न खास्ता’ हा वाक्प्रचार मात्र वाटतो तसा संभाव्यार्थी नव्हे. त्यातील ‘खास्ता’ हे भूतकृदन्त असून शब्दशः अर्थ ‘देवाने न इच्छिलेले’ असा आहे. संभाव्यतेची छटा त्याला उपयोगामुळे आली.

‘शायद’ हा शब्द उर्दू-दखनीत दृढमूल झाला, मराठीने मात्र तो स्वीकारला नाही. ‘कदाचित’ व ‘बहुधा’ हे संस्कृत शब्द आणि ‘असेल’, ‘असावा’ ही घरची रूपे हाताशी असताना त्याची गरज भासली नसावी. ‘अगर’ मराठीत आला तो मुख्यतः ‘किंवा’ या अर्थाने. अटीचे काम ‘जर’कडे पूर्वीपासून होतेच. अभिजात फार्सीतही ‘अगर’ क्वचित ‘किंवा’ या अर्थी येतो, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. जुन्या मराठी दस्तऐवजात तो दिसला, तर त्यापुढील वाक्य सशर्त आहे की विकल्पाचे, हे त्यातील मराठी क्रियापद पाहूनच ठरवावे.